व्यावसायिक कलाकार संघटनेची स्थानिक शाखा : सुरुवात कुठून करावी?

तिरपी रेघ

आम्ही काही चित्रकार, दोघं शिल्पकार, एक मुद्राचित्रकार (ठशावरून चित्राच्या प्रती छापणारा) आणि पुस्तकांसाठी चित्रं काढणारे काही जण बरेच दिवस आपापसात बोलतोय. आमच्यातले बहुतेकजण एकाच व्यावसायिक संघटनेचे सभासद आहेत. मध्यवर्ती कार्यालय लांब, वार्षिक सभेला जाणं होत नाही. वर्गणी भरायची आणि अंक घरी येतो, एवढाच संबंध उरलाय. तेव्हा आपल्या भागात शाखा काढावी, हा विचार आता पक्का होत आलाय.

अडचणी सगळ्यांच्या सारख्याच. ‘तुमची प्रसिद्धी होईल’ म्हणून काम फुकट मागितलं जातं. विकलेल्या चित्राचे पैसे कधी मिळतील ते कुणी सांगत नाही. प्रदर्शनाहून चित्र परत येतं तेव्हा चौकटीचा कोपरा गेलेला असतो आणि तो कुणी भरून द्यायचा हे कुठे लिहिलेलंच नसतं. हे सगळं प्रत्येकजण एकट्यानं सोसतो, कारण एकट्यानं बोललं की पुढचं काम जातं.

आधी संघटनेला पत्र लिहायचं की आधी काम सुरू करायचं? सभासद कुणाला घ्यायचं? खर्च कसा भागवायचा? ज्यांनी असं काही उभं केलंय किंवा जवळून पाहिलंय त्यांनी सविस्तर लिहा. माझं मत आधीच सांगून ठेवतो : पहिल्या वर्षी प्रदर्शन भरवू नये. यावर आमच्यातच एकमत नाही.

ओली माती

मी शिल्पकार आहे आणि मला हे पटलं नाही. माणसं कशासाठी जमतील? सभेसाठी? कलावंताला आपलं काम लोकांसमोर यावं असं वाटतं, त्यासाठी तो रात्रंदिवस राबेल. घटनेच्या मसुद्यासाठी नाही. एक प्रदर्शन नीट झालं की शाखा आहे हे गावाला कळतं आणि आपल्यालाही कळतं की कोण खांदा देणारं आहे आणि कोण नुसतं नाव देणारं.

जमाखर्च

ओली माती ताई, तुमचा मुद्दा खरा आहे, पण प्रदर्शनाचं गणित आधी बघू या. मी एका कलासंस्थेची तिजोरी बरीच वर्षं सांभाळली आहे, म्हणून लिहितो.

मोने, रेन्वार, पिसारो, देगा, बर्थ मोरिसो ही मंडळी आज इम्प्रेशनिस्ट म्हणून ओळखली जातात, पण कागदोपत्री ती एक भागीदारी संस्था होती. डिसेंबर १८७३ मध्ये चित्रकार, शिल्पकार, उत्कीर्णक अशा सगळ्यांची मिळून ती स्थापन झाली. सलों म्हणजे सरकारी वार्षिक प्रदर्शन, त्याच्या निवड समितीवर अवलंबून राहायचं नाही हा हेतू. १५ एप्रिल १८७४ ला पॅरिसमध्ये छायाचित्रकार नादारच्या जुन्या स्टुडिओत पहिलं प्रदर्शन उघडलं. तीसएक कलावंत, महिनाभर मुदत, एक फ्रँक प्रवेशशुल्क, साडेतीन हजारांच्या आसपास प्रेक्षक. कलेच्या इतिहासात याहून गाजलेलं गट-प्रदर्शन सापडणं कठीण. आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात हिशेब मांडला तेव्हा प्रत्येक सभासदाच्या नावावर १८४ फ्रँक ५० सेंटिम देणं निघालं. संस्था तिथंच विसर्जित केली.

चित्रं कमी पडली नव्हती. संस्थेचा सगळा जीव एका प्रदर्शनाच्या विक्रीवर टांगलेला होता, विक्री झाली नाही आणि राखीव काही नव्हतं. पुढे १८८६ पर्यंत आणखी सात प्रदर्शनं झाली खरी, पण ती संस्था राहिली नव्हती. गट तेवढा होता, दर वेळी नवी जुळवाजुळव आणि दर वेळी नवी भांडणं. आठही प्रदर्शनांत काम मांडणारा एकच, पिसारो.

प्रदर्शन करू नका असं मी म्हणत नाही. जागेचं भाडं, वाहतूक, मांडणी, दिवे, विमा, छपाई हा सगळा खर्च एकही चित्र विकलं गेलं नाही तरी भागेल एवढी रक्कम हातात असल्याशिवाय करू नका. नव्या शाखेकडे ती नसते.

ओली माती

पटण्यासारखं आहे, तरी दुसरी बाजू सांगते. चोळमंडल बघा. के. सी. एस. पणिकर आणि त्यांच्याबरोबरच्या कलावंतांनी १९६६ साली मद्रासजवळ समुद्रकिनारी कलाग्राम वसवलं. जमिनीचे पैसे कुठून आले? बाटिकसारख्या हस्तकलेच्या वस्तू करून विकल्या, त्यातून. म्हणजे चित्रांच्या विक्रीवर पोट ठेवलं नाही, वेगळा धंदा उभा केला आणि चित्रं मोकळी ठेवली. एकत्र आलेले कलावंत पैसा उभा करू शकतात, फक्त तो कुठून यायचा हे आधी ठरलेलं हवं.

गेरू

मी अजून धडपडणाऱ्यांत आहे, तेव्हा हे मनापासून विचारतो. प्रदर्शन नाही, तर शाखा नक्की काय करणार? माझ्यासारख्यानं वर्गणी कशासाठी भरायची?

मुखपृष्ठ

गेरू, हाच खरा प्रश्न आहे, म्हणून जरा लांब लिहिते.

प्रदर्शन कुणीही भरवू शकतं. गॅलरी, महाविद्यालय, बँक, एखादा हौशी मंडळाचा सचिव, कुणीही. पण मानधन आणि कराराच्या अटी बदलणं एकट्या कलावंताला जमत नाही आणि ते दुसरं कुणी त्याच्यासाठी करत नाही. संघटनेची गरज नेमकी तिथं आहे.

कॅनडाचं उदाहरण घ्या. तिथल्या राष्ट्रीय कलादालनानं १९६७ च्या सुमारास एका प्रदर्शनातल्या कलाकृतींची छायाचित्रं छापण्यासाठी कलावंतांची परवानगी मागितली, पण मोबदला देऊ केला नाही. जॅक चेंबर्स या चित्रकारानं नकार दिला आणि इतरांना पत्रं लिहायला सुरुवात केली. त्यातून १९६८ मध्ये ओंटारिओतल्या लंडन नावाच्या शहरात कारफॅक ही संघटना उभी राहिली. राजधानीत नाही, मोठ्या कलाबाजारातही नाही, काही ओळखीच्या कलावंतांच्या गटातून. मागणी एकच : आमचं काम दाखवता, छापता, तर आम्हाला पैसे द्या. १९७५ पर्यंत प्रदर्शनासाठी कलावंताला मानधन देणारा कॅनडा हा पहिला देश झाला. १९८८ मध्ये तिथल्या कॉपीराइट कायद्यात प्रदर्शनाचा हक्क आला. १९९२ मध्ये कलावंतांच्या दर्जाविषयीचा कायदा झाला, त्यानं अशा संघटनांना केंद्रीय संस्थांशी सामूहिक वाटाघाटींचा अधिकार दिला. आणि २०१४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की किमान मानधनाच्या दरांवर अशा वाटाघाटी होऊ शकतात, त्या दरांबद्दल बोलायला नकार देणं हा वाटाघाटीतला अप्रामाणिकपणा ठरतो. एका पत्रापासून इथपर्यंत यायला ४५ हून जास्त वर्षं लागली. या सगळ्यात प्रदर्शन भरवणं हे संघटनेचं मुख्य काम कधीच नव्हतं.

आपली शाखा कायदा बदलेल असं मी म्हणत नाही. पण एक छापील करारनामा तयार करू शकते, आणि तो सगळे सभासद वापरतील एवढं बघू शकते. त्यात काय असावं हे मी माझ्या कामाच्या अंगानं सांगते. पुस्तकासाठी चित्र दिलं तर ते कोणत्या आवृत्तीपुरतं, कोणत्या भाषेत, जाहिरातीत वापरायचं तर वेगळे पैसे किती. दुरुस्त्या किती वेळा. काम अर्ध्यावर थांबवलं तर किती रक्कम मिळणार. मूळ चित्र परत कधी. आणि सगळ्यात महत्त्वाचं, चित्र विकलं म्हणजे ते छापण्याचा हक्क विकला असं होत नाही, हे स्पष्ट वाक्यात. निम्मे तंटे या एका वाक्याच्या अभावी होतात.

ओली माती

यात शिल्पकारांचं वेगळं कलम घाला. चित्रकाराचा मोठा खर्च वेळेचा असतो. आमचं ओतकाम आधी होतं, पैसे नंतर. आगाऊ रकमेत निदान साचा आणि ओतकामाचा खर्च निघालाच पाहिजे. आणि मूर्ती किती प्रतींत ओतली जाणार, साचा कुणाच्या ताब्यात राहणार, हे लेखी हवं. मुद्राचित्रकारांचंही तसंच आहे, आवृत्ती किती प्रतींची, क्रमांक, सही, कलावंताच्या स्वतःच्या प्रती किती.

करारनामा हे पहिलं काम असेल तर मी येते. प्रदर्शनाचा हट्ट सोडला नाही, पुढे ढकलला.

तिरपी रेघ

मुखपृष्ठ, अगदी मनातलं लिहिलंत. गॅलरीसाठीच्या करारात मला हे हवंय : चित्र माझ्या घरातून निघाल्यापासून पुन्हा माझ्या हाती येईपर्यंत विमा कुणाचा, पोहोचताना आणि निघताना चित्राच्या स्थितीची फोटोसह नोंद, गिऱ्हाइकाला सूट दिली तर ती कुणाच्या वाट्यातून, आणि विक्री झाल्यापासून किती दिवसांत पैसे.

मग दरांचं काय? शाखेनं दरपत्रक छापावं का?

जमाखर्च

जपून. स्वतंत्र व्यावसायिकांनी एकत्र येऊन ‘याच्या खाली कुणी काम करायचं नाही’ असं ठरवणं बऱ्याच देशांत स्पर्धेविषयीच्या कायद्यात अडकतं. कॅनडात सामूहिक वाटाघाटींसाठी वेगळा कायदा करावा लागला तो उगाच नाही. शाखेनं सक्तीचे दर लावू नयेत. सभासदांकडून गेल्या वर्षात प्रत्यक्ष मिळालेल्या रकमा नाव न घेता गोळा करायच्या आणि कमीत कमी, जास्तीत जास्त आणि मधला असे आकडे सभासदांसमोर ठेवायचे. तेही वकिलाला एकदा विचारूनच. नुसत्या माहितीनंही पुष्कळ फरक पडतो. समोरचा ‘सगळे एवढ्यातच करतात’ म्हणाला की ते खरं की खोटं हे आपल्याला ठाऊक असतं.

गेरू

कळलं. हे आकडे दिसणार असतील तर मी पहिल्या दिवशी वर्गणी भरेन. पण मला सभासद करून घेणार का? माझी गॅलरीत विक्री झालेली नाही, पोटासाठी दुसरी नोकरी करतो. मग मी ‘व्यावसायिक’ कसा?

आकाशी निळा

इतके दिवस नुसतं वाचत होते, पण या प्रश्नावर बोलल्याशिवाय राहवत नाही.

युनेस्कोनं १९८० मध्ये कलावंतांच्या दर्जाविषयी एक शिफारस स्वीकारली. त्यातल्या व्याख्येत उत्पन्नाचा उल्लेखच नाही. जो कलानिर्मिती करतो, तिला आपल्या आयुष्याचा अत्यावश्यक भाग मानतो, कलेच्या आणि संस्कृतीच्या विकासात भर घालतो आणि कलावंत म्हणून ओळखला जातो किंवा तशी ओळख मागतो, तो कलावंत. कुठे नोकरीला असो वा नसो, कुठल्या संस्थेत असो वा नसो. गेरू, या व्याख्येत तुम्ही बसता.

व्यावसायिक संघटनेला अर्थात याहून नेमकं काहीतरी लागतं. पण ते ‘आम्हाला काम आवडलं’ असं असू नये. आवडीनिवडीवर सभासदत्व ठेवलं की काय होतं ते लंडनच्या रॉयल अकादमीत दिसतं. १७६८ च्या स्थापनेत अँजेलिका काउफमान आणि मेरी मोझर या दोघी होत्या. त्यानंतर पूर्ण सभासद म्हणून पुढची स्त्री, लॉरा नाइट, निवडली गेली ती १९३६ मध्ये. मधल्या दीडशेहून अधिक वर्षांत चांगल्या चित्रकर्ती नव्हत्या का? होत्या. दार आतल्यांच्या हातात होतं.

म्हणून निकष तपासता येतील असे ठेवा. जाहीरपणे मांडलेलं काम, छापलं गेलेलं काम, विकलेलं काम, मोबदला घेऊन केलेलं काम, कलेचं शिक्षण किंवा कुणाच्या हाताखाली घेतलेली उमेदवारी. यातल्या कुठल्याही दोन गोष्टी दाखवल्या की सभासदत्व. दर्जावर चर्चा नाही. आणि ज्यांच्याकडे एकच आहे त्यांच्यासाठी सहयोगी सभासदत्व, कमी वर्गणीचं, सभेत बोलण्याचा पूर्ण अधिकार असलेलं.

ओली माती

दर्जाचा विचारच करायचा नाही, हे मला जड जातं.

आकाशी निळा

प्रदर्शनासाठी करा ना. सभासदत्वासाठी नको. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या की बरेच तंटे टळतात.

प्रदर्शनातसुद्धा जो नियम लिहाल तो पाळण्याची तयारी ठेवा. न्यू यॉर्कच्या सोसायटी ऑफ इंडिपेंडंट आर्टिस्ट्सनं १९१७ च्या प्रदर्शनासाठी जाहीर केलं होतं की निवड समिती नाही, बक्षीस नाही, सहा डॉलर भरणाऱ्या प्रत्येकाचं काम मांडलं जाईल. तत्त्व पॅरिसच्या १८८४ सालच्या इंडिपेंडंट संस्थेकडून घेतलेलं. मग आर. मट या सहीनं एक चिनी मातीचं मूत्रपात्र आलं आणि संचालक मंडळानं ते मांडायला नकार दिला. ते पाठवणारा मार्सेल द्यूशाँ स्वतः त्या मंडळावर होता, त्यानं राजीनामा दिला. त्या कलाकृतीबद्दल कुणाचं काहीही मत असो, नियम मोडला संस्थेनं. आपल्याला निवड हवी असेल तर निवड समिती लिहून ठेवा, तिच्यात बाहेरची माणसं घ्या, समितीतल्यांचं काम त्या वर्षी स्पर्धेत नको. निवड नको असेल तर येईल ते मांडा.

मुखपृष्ठ

+१. शब्दन् शब्द पटला.

जमाखर्च

आता मध्यवर्ती संस्थेचं. याबद्दल अजून कुणी लिहिलं नाही आणि शाखा बहुतेक इथंच अडखळतात.

पत्र लिहिण्याआधी मूळ घटना मागवून वाचा. शाखेबद्दल कलम आहे का, किमान किती सभासद लागतात, शाखेला स्वतःची नियमावली करता येते का, कुणाची मान्यता लागते. कलम नसेल तर शाखा काढणं म्हणजे घटनादुरुस्ती, आणि तिला सर्वसाधारण सभा लागते. तोवर ‘सभासदांचा स्थानिक गट’ असंच म्हणवून घ्या. नाव आणि बोधचिन्ह लेखी परवानगीशिवाय वापरू नका.

दुसरं, शाखा स्वतंत्र नोंदलेली संस्था असणार की मूळ संस्थेचाच भाग? भाग असेल तर शाखेनं केलेल्या कराराची जबाबदारी मूळ संस्थेवर जाते, म्हणून ती सहीचा अधिकार स्वतःकडे ठेवायला बघेल, आणि त्यात तिचं चुकत नाही. स्वतंत्र असेल तर जबाबदारी आपली, हिशेबतपासणी आपली, नोंदणीचे कागदही आपले. लहान गटानं मूळ संस्थेचा भाग म्हणूनच राहावं असं माझं स्पष्ट मत आहे. तिथल्या कायद्यानं काय लागतं ते मात्र जाणकाराकडून समजून घ्या.

वर्गणीतला किती हिस्सा शाखेकडे राहणार, हे मान्यतेच्या पत्रातच यायला हवं. ‘नंतर बघू’ म्हणाले तर थांबा. खातं कुणा एकाच्या नावावर उघडू नका, कितीही विश्वासाचा माणूस असला तरी. दोन सह्या, पैसे येतील-जातील त्याची पावती, आणि दर तिमाहीला जमाखर्च सगळ्या सभासदांना, मागितला नसला तरी. पैशावरून तुटलेल्या ज्या संस्था मी पाहिल्या त्यांत पैसे खाल्ले गेले असं क्वचितच होतं. हिशेब दाखवला गेला नाही, एवढ्यानं संशय वाढला आणि माणसं दुरावली.

तिरपी रेघ

हे कागदावर उतरवून घेतलं. आणखी एक काळजी आहे. आत्ता आम्ही पाच-सहाजण उत्साहात आहोत. आम्ही थकलो किंवा कामासाठी दुसरीकडे गेलो तर?

आकाशी निळा

प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपचं तेच झालं. १९४७ मध्ये सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे असे सहाजण मुंबईत एकत्र आले. १९४९ मध्ये सूझा लंडनला गेले, १९५० मध्ये रझा पॅरिसला, पाठोपाठ बाकरेही लंडनला. नंतर गायतोंडे, कृष्ण खन्ना यांच्यासारखी मोठी माणसं येऊनही १९५६ पर्यंत गट संपला. त्यांनी केलेलं काम राहिलं आणि भारतीय चित्रकलेची दिशाच त्यानं बदलली, त्यामुळे त्याला अपयश म्हणणार नाही. पण ती मित्रांची चळवळ होती. ज्या बॉम्बे आर्ट सोसायटीच्या दालनात त्यांचं १९४९ चं प्रदर्शन भरलं, ती १८८८ ची संस्था मात्र अजून चालू आहे. तिला घटना होती, निवडणुका होत्या, वर्गणी होती, दरवर्षीचं ठरलेलं प्रदर्शन होतं. माणसं बदलली तरी संस्था पुढे गेली.

तुम्हाला दोन्हींतलं काय हवंय ते आधी ठरवा. शाखा हवी असेल तर कुणाही पदाधिकाऱ्याला सलग दोन मुदतींपेक्षा जास्त नको, आणि प्रत्येक पदासाठी पहिल्या दिवसापासून एक साहाय्यक. सरचिटणिसाकडचे कागद, यादी, पासवर्ड हे सगळं साहाय्यकालाही ठाऊक हवं.

ओली माती

आणि भांडणं कुठे सोडवायची तेही लिहा. ती होणारच. व्हिएन्नाच्या सेसेशन या कलावंतांच्या संघटनेचा चित्रकार क्लिम्ट १८९७ मध्ये पहिला अध्यक्ष होता, १९०५ मध्ये तोच आपला गट घेऊन बाहेर पडला. उलट जुन्या गिल्डांकडे, म्हणजे कारागिरांच्या व्यावसायिक संघांकडे, तक्रार ऐकण्याची ठरलेली जागा असायची. नेदरलँड्समधल्या हार्लेममध्ये युडिथ लेस्टर ही चित्रकर्ती १६३३ मध्ये गिल्डची सभासद झाली. दोनच वर्षांनी तिचा एक शिकाऊ विद्यार्थी तिला सोडून फ्रान्स हाल्स या चित्रकाराकडे गेला, तेव्हा तिनं गिल्डकडे दाद मागितली. हाल्स केवढा नावाजलेला! तरी तिची तक्रार ऐकली गेली. विद्यार्थ्याची नोंद केली नव्हती म्हणून तिलाही दंड झाला, ते निराळं. नव्या सभासदाला ज्येष्ठाविरुद्ध दाद मागता आली पाहिजे. नाहीतर गेरूसारख्यांनी यायचं कशाला?

गेरू

ताई, मनापासून आभार. मी येतोय. सभेचं इतिवृत्त लिहायचं काम मला द्या, ते मला जमेल.

तिरपी रेघ

सगळ्यांचं वाचून आमच्यातल्यांशी बोललो. ठरलेलं लिहितो, चुकत असेल तर अजून वेळ आहे.

मूळ घटना मागवली आहे. ती येईपर्यंत सभासदांचा स्थानिक गट म्हणून महिन्यातून एकदा भेटणार, वार आणि वेळ कायम. दोघं आले तरी भेट होणार. पहिल्या तीन भेटींचा विषय ठरलाय : गॅलरीसाठीचा करारनामा, मग पुस्तकं आणि जाहिरातींच्या चित्रांचा, मग शिल्प आणि मुद्राचित्रांचा. मसुदा तयार झाला की वकिलाकडून तपासून घेऊ, त्याचा खर्च गटातले सगळे समान वाटून उचलतील आणि पावती सगळ्यांना जाईल. करारनामा सभासद नसलेल्या कलावंतांनाही वापरायला द्यायचा असं ठरलं. तो जितके जास्त लोक वापरतील तितकं समोरच्याला ‘असं कुणी मागत नाही’ म्हणणं अवघड होईल.

सभासदत्वाचे निकष आकाशी निळा यांनी सुचवले तसेच मध्यवर्ती संस्थेकडे पाठवतोय. मिळालेल्या मानधनाचे आकडे गोळा करण्याचं काम मुखपृष्ठ यांनी घ्यावं अशी विनंती आहे. प्रदर्शन दुसऱ्या वर्षी, निम्मा खर्च आधी हाती असेल तरच.

जमाखर्च

निम्मा नको, सगळा. यावर मी अडून बसणार.

मुखपृष्ठ

काम घेतलं. प्रश्नावली आठवड्याभरात तयार करते. नाव विचारणार नाही, फक्त कामाचा प्रकार, वापर कशासाठी, ठरलेली रक्कम, मिळालेली रक्कम आणि ती मिळायला लागलेले दिवस. शेवटचे दोन रकाने कुणी रिकामे सोडू नका, आपल्याला सगळ्यात जास्त उपयोग त्यांचाच होणार आहे.

तिरपी रेघ

जमाखर्च, मान्य. ‘सगळा खर्च’ अशी दुरुस्ती केली. गेरू, पहिल्या भेटीचं इतिवृत्त तुमच्याकडे. कोण हजर होतं, काय ठरलं, कुणी कधीपर्यंत काय करायचं, एवढं त्याच रात्री सगळ्यांना पाठवा.